हौशी खेळाची विक्री : आपले काय, परक्याचे काय?

मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारणपणे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, वैकुंठ एकादशी येते. चेन्नईतील अनेक वैष्णव कुटुंबांत ती रात्र जागून काढण्याची प्रथा आहे. झोप येऊ नये म्हणून घरातील लहानथोर मंडळी ‘परमपदम’ नावाचा पट मांडून बसतात. फासे टाकायचे, शिडी लागली की वर चढायचे आणि सापाचे तोंड लागले की खाली यायचे. पटाच्या माथ्यावर वैकुंठ असते. महाराष्ट्रातील वाचकाला हे वर्णन ऐकताच आपला मोक्षपट आठवेल. मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. आज मुले जी सापशिडी खेळतात ती याच कुळातील आहे.

या खेळाचा मालक कोण, असे विचारले तर ‘कोणीही नाही’ हेच उत्तर द्यावे लागेल. तरीही हा खेळ विकता येतो. चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांनी स्थापन केलेली ‘क्रीडा’ ही संस्था परमपदम, पल्लांगुळी यांसारखे पारंपरिक खेळ नव्याने तयार करून विकत आली आहे. खेळाचे नियम सर्वांचे आहेत. परंतु त्यासाठी काढलेले चित्र, बनवलेला पट, लिहिलेली माहितीपुस्तिका आणि त्यांमागील श्रम हे त्या त्या निर्मात्याचे असतात. ग्राहक पैसे देतो ते या गोष्टींसाठी.

आता अशी कल्पना करा की, चेन्नईतील एका कार्यालयात नोकरी करणारी एखादी मराठी तरुणी हाच परमपदम संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर खेळता यावा म्हणून रात्री जागून तयार करते. खेळ पूर्ण होतो, मैत्रिणींना आवडतो. कोणीतरी सहज म्हणते, “अगं, हा विकत का नाहीस?” त्या एका प्रश्नाबरोबर हौसेचे रूप बदलते. खेळ फुकट वाटताना जे प्रश्न कोणी विचारत नाही, ते सर्व प्रश्न विक्रीच्या क्षणी समोर उभे राहतात. या पाठात आपण त्याच प्रश्नांचा विचार करणार आहोत.

खेळ घडवणारी साधने

एके काळी संगणकावरील खेळ तयार करणे हे केवळ तज्ज्ञांचे काम होते. प्रत्येक हालचालीसाठी लांबलचक आज्ञावली लिहावी लागे. पुढे अशी सॉफ्टवेअर निघाली की, ज्यांत चित्रे, ध्वनी आणि नियम जोडून सामान्य माणसालाही खेळ रचता येऊ लागला. जपानमध्ये १९९० नंतरच्या दशकात ‘आरपीजी मेकर’ ही मालिका सुरू झाली. १९९९ साली नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी ‘गेममेकर’ या साधनाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. २००५ साली ‘युनिटी’ आले आणि २०१४ साली ‘गोडो’ हे साधन सर्वांसाठी खुले झाले.

या साधनांनी तयार केलेले खेळ फुकट वाटण्यापुरतेच असतात, असा समज बराच काळ होता. तो खरा नाही. २००६ साली ‘अ‍ॅव्हियाँड’ आणि २०११ साली ‘टू द मून’ हे खेळ आरपीजी मेकरच्या साहाय्याने तयार होऊन विकले गेले. ‘अंडरटेल’ या खेळाची कथा तर अधिक बोलकी आहे. टोबी फॉक्स या अमेरिकी तरुणाने बहुतांशी एकट्याने, गेममेकर वापरून हा खेळ रचला. २०१३ साली त्याने लोकांकडे ५ हजार डॉलरची मदत मागितली. प्रत्यक्षात ५१ हजारांहून अधिक डॉलर जमले. २०१५ साली खेळ विक्रीस आला आणि जगभर पोहोचला. साधन हौशी असले म्हणून त्यातून निघालेली कृती हौशीच राहते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

साधनाचा परवाना

विक्री करू इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो आपल्या साधनाविषयी. सॉफ्टवेअर विकत घेतले किंवा फुकट मिळाले, तरी आपण त्याचे मालक होत नाही. आपल्याला मिळतो तो ते वापरण्याचा परवाना. परवान्यात अटी असतात आणि त्या प्रत्येक साधनाच्या वेगळ्या असतात. गेममेकरच्या कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, फुकट वाटायच्या खेळांसाठी साधन विनामूल्य केले; खेळ विकायचा असेल तर मात्र एकदाच शुल्क भरून परवाना घ्यावा, असे ठरवले. ‘अनरिअल’ या मोठ्या साधनाचे मालक खेळाचे उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर त्यात वाटा मागतात. गोडोचे निर्माते विक्रीतून काहीच मागत नाहीत.

चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर बनवलेला खेळ विकणे हा सर्वांत घातक मार्ग होय. आरपीजी मेकरच्या काही जुन्या आवृत्त्यांची अधिकृत इंग्रजी प्रत अनेक वर्षे उपलब्धच नव्हती. त्या काळात अनधिकृत भाषांतरित प्रती हातोहात पसरल्या आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्यांवर सुंदर खेळ रचले. परंतु पायाच परवान्याविना घातलेला असल्यामुळे ते खेळ उघडपणे विकण्याचा मार्ग त्यांना नव्हता. वर्षानुवर्षांचे श्रम असे अडकून पडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अटी बदलू शकतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीच्या कंपनीने जाहीर केले की, ठराविक मर्यादेपुढे, खेळ प्रत्येक वेळी नव्याने बसवला जाताच निर्मात्याने शुल्क द्यावे. जगभरातील निर्मात्यांनी तीव्र विरोध केला. कंपनीने त्याच महिन्यात अटी सौम्य केल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो बेत पूर्णपणे रद्द केला. म्हणून खेळ ज्या दिवशी तयार केला, त्या दिवशीच्या परवान्याची प्रत जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

चित्र, संगीत आणि मित्र

दुसरा प्रश्न खेळाच्या आतील वस्तूंविषयी आहे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. कलाकृती निर्माण होताच तिच्या निर्मात्याला स्वामित्वहक्क मिळतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखन, चित्र आणि संगीत यांवरील हक्क सामान्यतः निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संगणकाची आज्ञावलीही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच मानली जाते.

आपल्या उदाहरणातील तरुणीचा खेळ याच दृष्टीने तपासू. शिडीने वर जाणे आणि सापाने खाली येणे हा नियम कोणाच्याही मालकीचा नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीचा जुना पट समोर ठेवून तिने स्वतः नवे चित्र काढले, तर ते चित्र तिचे. परंतु बाजारातून आणलेल्या अलीकडच्या पटाचे छायाचित्र घेऊन तेच खेळात वापरले, तर तो त्या चित्रकाराच्या हक्काचा भंग होतो. खेळ घडवणाऱ्या साधनासोबत तयार चित्रे आणि ध्वनी मिळतात. पण ती त्याच साधनाने बनवलेल्या खेळात वापरावीत, अन्यत्र नेऊ नयेत, अशी अट अनेकदा असते. इंटरनेटवर सापडलेले चित्र म्हणजे फुकटचे चित्र नव्हे.

संगीताच्या बाबतीत तर चेन्नईनेच एक लक्षात राहील असे उदाहरण पाहिले आहे. २०१७ साली ज्येष्ठ संगीतकार इलयराजा यांनी गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना, आपल्या रचना परवानगीवाचून मैफलींत गाऊ नयेत, अशी कायदेशीर नोटीस पाठवली. ज्याच्या आवाजाने ती गाणी घरोघरी पोहोचली, त्या गायकालाही हा प्रश्न चुकला नाही. गाणे गाणारा, ते रचणारा आणि ध्वनिमुद्रण करणारी कंपनी यांचे हक्क निरनिराळे असतात. मग आवडत्या चित्रपटगीताचा तुकडा आपल्या खेळात घालणाऱ्या हौशी निर्मात्याने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न नाजूक आहे, कारण तो मैत्रीचा आहे. हौसेच्या कामात एक जण चित्रे काढतो, दुसरा चाल बांधतो, तिसरा कथा लिहितो. पैशाचे नाव नसते तोवर सारे आनंदाने चालते. विक्री सुरू झाली की प्रत्येकाचे स्मरण वेगळे निघते. आपल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क दुसऱ्याकडे सोपवायचा तर ते लेखी असावे लागते. त्या लेखात मुदत नमूद नसेल, तर हक्क केवळ ५ वर्षांसाठी दिला असे मानले जाते. प्रदेश नमूद नसेल, तर तो भारतापुरताच दिला असे धरले जाते. जगभर विकायच्या खेळासाठी अशी मोघम चिठ्ठी अपुरी ठरते. म्हणून काय दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मिळकतीचा कितवा हिस्सा कोणाचा, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. अशा कागदाने मैत्री तुटत नाही. उलट ती टिकण्याचीच शक्यता अधिक असते.

नोकरी करणाऱ्याने आणखी एक खबरदारी घ्यावी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. आपला खेळ आपल्याच वेळात, आपल्याच संगणकावर तयार करावा आणि नेमणुकीच्या करारात याविषयी काय म्हटले आहे ते वाचून पाहावे.

दुकान आणि हिशेब

खेळ आपलाच आहे याची खात्री पटली की विक्रीच्या ठिकाणाचा विचार करावा. संगणकावरील खेळांचे ‘स्टीम’ हे मोठे दुकान २००३ साली सुरू झाले. २०१७ पासून तेथे प्रत्येक खेळासाठी १०० डॉलर शुल्क भरून खेळ मांडता येतो. खेळाची विक्री १ हजार डॉलरवर गेल्यावर हे शुल्क परत मिळते. विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा दुकान ठेवून घेते. ‘इच डॉट आयओ’ हे २०१३ साली सुरू झालेले ठिकाण हौशी निर्मात्यांना जवळचे वाटते. तेथे शुल्क भरावे लागत नाही आणि दुकानाला किती वाटा द्यायचा, हे निर्माता स्वतः ठरवू शकतो. भ्रमणध्वनीवरील खेळांसाठी गुगलच्या दुकानात एकदाच २५ डॉलर, तर अ‍ॅपलच्या दुकानात दरवर्षी ९९ डॉलर भरून नोंदणी करावी लागते.

आता एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, आपल्या तरुणीने परमपदमची किंमत २३६ रुपये ठेवली. त्यात १८ टक्के दराने ३६ रुपये वस्तू व सेवा कर आहे. उरले २००. दुकानाचे ३० टक्के म्हणजे ६० रुपये वजा केले, तर तिच्या हाती १४० रुपये राहतात. परकीय चलनाचा बदल, बँकेचा आकार आणि आयकर हे यानंतरचे. शिवाय स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ ग्राहक परत करू शकतो. परत केलेल्या प्रतीचे काहीच मिळत नाही.

खेळ रचण्यासाठी तिला ७०० तास लागले असे धरू. १ हजार प्रती विकल्या गेल्या, तर १ लाख ४० हजार रुपये मिळतील. म्हणजे तासाला २०० रुपये पडले. परंतु केवळ ५० प्रती विकल्या गेल्या, तर हाती येतील ७ हजार रुपये. तासाला १० रुपये! दुकानात भरलेले १०० डॉलरचे शुल्कही त्यातून निघणार नाही.

हा दुसरा प्रकार दुर्मीळ नाही. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. इतक्या गर्दीत नवख्याच्या खेळाकडे कोणाचे लक्ष जावे? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तिच्या संस्थापकांनी ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या खेळासाठी २०१७ साली लोकांकडून निधी गोळा करण्याचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे अनरिअल या साधनाच्या कंपनीकडून त्यांना अनुदान मिळाले आणि २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एका नामांकित आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी, पदार्पणातील उत्तम खेळ म्हणून त्याचे नामांकनही झाले. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील हा खेळ पुण्यातून जगापुढे गेला. ती मंडळी पूर्णवेळ, व्यावसायिक तयारीने या कामात उतरली होती, तरीही पहिल्या पायरीवर त्यांना अपयश आले, हे विसरू नये. नोकरी सोडून एका खेळावर सर्वस्व लावण्यापूर्वी हौशी निर्मात्याने याचा विचार करावा.

कायद्याच्या काही मर्यादा

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला बंधनकारक करार करता येत नाही. दुकानात खेळ मांडणे हा करारच असल्यामुळे, अल्पवयीन निर्मात्याने पालकांच्या नावे आणि त्यांच्या संमतीने व्यवहार करावा. खेळातून मिळालेले उत्पन्न विवरणपत्रात दाखवणे आवश्यक असते. परदेशी दुकानाशी व्यवहार करताना पॅन क्रमांक आणि करविषयक अर्ज भरून द्यावा लागतो. खेळाचे नाव दुसऱ्या कोणी वापरू नये असे वाटत असेल, तर व्यापारचिन्ह नोंदवता येते. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत असून चेन्नईतही तिचे कार्यालय आहे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा पैजेची आहे. खेळ विकणे वेगळे आणि खेळावर पैसे लावायला सांगणे वेगळे. फाशांचा खेळ म्हटला की, थोडे पैसे लावून खेळू द्यावे, असा मोह होऊ शकतो. तमिळनाडूने २०२२ साली ऑनलाइन जुगाराला बंदी घालणारा कायदा केला. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. एकदा किंमत देऊन खेळ विकत घेणे या बंदीत येत नाही; परंतु जिंकल्यास पैसे मिळतील या आशेने पैसे भरायला लावणारा खेळ हा गुन्ह्याचा विषय ठरू शकतो.

पहिली पायरी

मग हौशी निर्मात्याने खेळ विकूच नये काय? तसे मुळीच नाही. स्वतःच्या श्रमाचे मोल मागण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याचा क्रम नीट असावा. प्रथम एखादा लहानसा खेळ पूर्ण करावा. तो काही दिवस विनामूल्य ठेवून अनोळखी लोक तो खेळतात का आणि शेवटपर्यंत खेळतात का, ते पाहावे. एक साधी वही करावी. तीत प्रत्येक चित्र, ध्वनी आणि अक्षरवळण कोठून आले, त्याचा परवाना कोणता आणि तो कोणत्या दिवशी मिळाला, याची नोंद ठेवावी. सोबत्यांशी लेखी करार करावा. आपला खर्च आणि आपले तास लिहून ठेवावेत. ज्या नोंदीसमोर ‘आपले’ किंवा ‘परवानगी आहे’ असे लिहिता येत नाही, ती वस्तू खेळातून काढून टाकावी. एवढे झाल्यावरच किंमत ठरवावी.

ही वही भरताना आपल्या उदाहरणातील तरुणीला कदाचित दिसून येईल की, तिने वापरलेले एक गाणे परक्याचे आहे आणि एक चित्र मैत्रिणीचे आहे. गाणे ती काढून टाकील आणि त्या जागी स्वतः वाजवलेली साधी चाल घालील. मैत्रिणीसमोर ती करारपत्र ठेवील. खेळ विक्रीस येण्याला महिनाभर उशीर होईल. पुढे तिच्या खेळाच्या ५० प्रती विकल्या जावोत की १ हजार, त्या प्रत्येक प्रतीविषयी ती निःशंकपणे म्हणू शकेल की, ‘हे माझे आहे आणि म्हणूनच मी ते विकत आहे.’ विक्रेत्याजवळ असायला हवे असे पहिले भांडवल हेच होय.